पुळणीची वही: कराड ते गुहागर

३० जानेवारी २०२१, शनिवार. ताईकडे, गुहागर तालुका
गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागकडे गेलं, तेव्हा इथली पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, किती खाली गेली यावरून काल जेवताना दाजी आणि शेजारचे काका यांची जुंपली. दाजी म्हणतात कंबरभर, काका म्हणतात पुरुषभर. माप दोघांकडेही नाही. आणि आता बघावं तर पुळण काठोकाठ भरलेली. मी वर्कशॉपचा माणूस. माप नसलेलं भांडण मला ऐकवत नाही. म्हणून ही वही.

पद्धत साधी आहे. एमरी नावाच्या सागरी भूशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सांगितलेली. दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या, त्यांच्यावर सेंटीमीटरच्या खुणा. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे. जमिनीकडच्या काठीशी उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा आपल्या काठीला टोकापासून जितकी खाली कापते, तितका उतार. मग मागची काठी उचलून पुढे. दुर्बीण नको, थिओडोलाइट नको. समुद्राचं क्षितिज हीच पाणसळ.

शून्य धरलं वाडीतल्या विहिरीच्या सिमेंटच्या कठड्याला. पौर्णिमा परवाच झाली, त्यामुळे ओहोटी चांगली लांब गेली होती. उधाणाच्या दिवसांत इथे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी असते, ऊन कमी, काम बरं. भाचा नववीत आहे, त्याला दोन तासांत जमलं.

आजची मापं: वाळूच्या टेकाडाचा पायथा विहिरीपासून १४ मीटरवर. ३० मीटरवरची वाळू कठड्यापेक्षा १.६० मीटर खाली. दाजींच्या कासवाचा, म्हणजे त्या काळ्या खडकाचा, पत्ता नाही. तो वाळूखाली आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार. कराड
समुद्र रोज बघता येत नाही म्हणून पडवीत टाकी बांधायला घेतली. आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, दीड फूट उंच. पुढची बाजू काचेची, बाकी मरीन प्लाय. लाटा करायला भंगार बाजारातून जीपची वायपर मोटर आणली. तिला दोन वेग असतात: हळू आणि जलद. हळूला १.३ सेकंदाला एक लाट, जलदला ०.९ सेकंदाला. खाली बिजागरीवर उभी केलेली फळी मोटरच्या दांड्याने पुढेमागे हलते. दांड्याचं भोक बदललं की लाटेची उंची बदलते.

बायकोने विचारलं, हे पावसाळ्याआधी हलणार का. हो म्हणालो.

१४ मार्च, रविवार
घर बांधताना गच्चीवर उरलेली कृष्णेची वाळू चाळून टाकीत भरली, उतार केला. जलद वेगावर पाच सेंटीमीटरच्या लाटा. हे माझं ‘वादळ’. आता वाळू खेचली जाणार आणि आत वाळूचा बांध तयार होणार, असं सगळीकडे वाचलं होतं.

झालं उलटंच. तासाभरात वाळू वर चढून काठावर छान कट्टा तयार झाला. लाट मोठी केली, तरी वरच.

४ एप्रिल
तीन आठवडे तेच. फळी बदलली, उतार बदलला, मागून येणारी उलटी लाट मारायला टाकीच्या टोकाला नारळाचा काथ्या भरला. वाळू काही खाली जाईना. लेक म्हणाली, ‘बाबा, तुमच्या समुद्राला वादळ होतच नाही.’

२५ एप्रिल
कोरोनामुळे जिल्ह्याबाहेर जायला बंदी, ई-पासशिवाय घाट उतरता येत नाही. लेकीची दहावीची परीक्षा रद्द झाली, त्यामुळे टाकीचा ताबा आता तिच्याकडे.

चूक सापडली. श्रेय तिचं. लाट फुटते तेव्हा तळाची वाळू उचलली जाते. उचललेला कण परत तळाला बसायला किती वेळ घेतो, यावर सगळा खेळ आहे. लाटेचं पाणी आधी किनाऱ्याकडे झेपावतं, मग परततं. जड कण त्या पहिल्या धावेतच थोडा वर सरकून बसतो, परतीच्या पाण्यात सापडतच नाही. बारीक कण तरंगत राहतो आणि परतीच्या पाण्याबरोबर, विशेषतः तळाजवळून आत जाणाऱ्या प्रवाहाबरोबर, समुद्रात जातो.

फ्लोरिडा विद्यापीठातले रॉबर्ट डीन यांनी १९७३ मध्ये हे एका अपूर्णांकात बसवलं: लाटेची उंची भागिले (कण बसण्याचा वेग गुणिले लाटेचा कालावधी). आकडा मोठा आला की वाळू आत जाते, लहान आला की बाहेर येते.

कण बसण्याचा वेग मोजला. मीटरभर पारदर्शक नळी, खाली बूच, पाणी भरून वरून वाळू सोडायची. पहिल्यांदा चिमूटभर सोडली, ती ढगासारखी एकदम खाली गेली. आकडा चुकीचा. मग ओल्या सुईच्या टोकावर एकेक कण. कृष्णेची वाळू: मीटरला १४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ७ सेंटीमीटर. जानेवारीत बाटलीत आणलेली पुळणीची वाळू: ४५ सेकंद, सेकंदाला २.२.

हिशेब: कृष्णेच्या वाळूला ५ भागिले (७ × ०.९), म्हणजे ०.८. पुळणीच्या वाळूला ५ भागिले (२.२ × ०.९), म्हणजे २.५. माझी वाळू या टाकीतल्या वादळाला दाद देण्याइतकी बारीकच नव्हती. टाकी लहान करता येते, लाट लहान करता येते, वाळूचा कण त्या प्रमाणात लहान करायचा राहून जातो.

आता पुळणीची वाळू हवी, आणि घाट बंद.

६ मे
आंब्याची पेटी आली. ताईने दर वर्षीप्रमाणे टेम्पोत घातली, फक्त या वेळी सहा डझनांऐवजी चार डझन आणि खाली गवताच्या थराखाली वाळूच्या दोन पिशव्या. टेम्पोवाल्याने पेटी उतरवताना विचारलं, हापूस एवढा जड कधीपासून? वाळू परत नेऊन टाकायची आहे, तसं ताईला कबूल केलंय.

९ मे, रविवार
जमलं!

जलद वेग, पाच सेंटीमीटरची लाट, पुळणीची वाळू. पहिल्या दहा मिनिटांत काठाला उभी कड पडली, वाटीच्या काठासारखी. पाणी गढूळ. अर्ध्या तासाने लाट फुटण्याच्या जागी तळाशी वाळूचा उंचवटा दिसायला लागला. तासाभराने लाटा किनाऱ्यावर फुटायच्या थांबल्या. त्या उंचवट्यावरच फुटून, दमून काठाला येऊ लागल्या. मग काठ खचायचाही थांबला.

दोघंही काचेला नाक लावून बसलो होतो. लाटेने नेलेली वाळूच लाटेला लांबवर फोडते. म्हणजे धूप स्वतःच स्वतःला लगाम घालते, वादळ मात्र तेवढा वेळ टिकायला हवं.

मग मोटर हळू केली, भोक बदलून लाट दीड सेंटीमीटरवर आणली. आकडा ०.५. वाळू वर यायला लागली, पण कशी? जायला एक तास लागला होता. परत आणायला मोटर संध्याकाळी पाचला लावली आणि रात्री साडेअकराला बायकोने बंद करायला लावली, तेव्हा उंचवटा अर्धाच सरकला होता.

१५ मे, शनिवार
अरबी समुद्रात तौक्ते. नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. उद्या कोकणासमोरून जाणार. भाच्याला फोन: आज मापं घे, उद्या किनाऱ्यावर फिरकू नकोस. त्याने संध्याकाळी पाठवली: टेकाडाचा पायथा १४ मीटर, ३० मीटरवर १.६५. जानेवारीपेक्षा फारसा फरक नाही.

१६ मे, रविवार
सकाळपासून फोन लागत नाही. कराडात वारा आणि भुरभुर. रात्री नऊला ताईचा एकच मिनिट फोन. सुरूची दोन झाडं वाडीवर पडली, माड वाकलेत, घर ठीक. वीज नाही. ‘गाज ऐकायची तर ये,’ म्हणाली. फोनवरही ऐकू येत होती.

एक गोष्ट बरी झाली. अमावास्या ११ तारखेलाच झाली. आज चतुर्थी, म्हणजे उधाण ओसरून भरती भांगाकडे, म्हणजे लहान भरतीकडे, चाललेली. वादळात हवेचा दाब कमी होतो, तो दर एका मिलिबारला पाणी साधारण एक सेंटीमीटर वर चढतं. वरून वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, फुटणाऱ्या लाटा आणखी चढवतात. हे सगळं उधाणाच्या भरतीवर स्वार झालं असतं, तर विहिरीच्या कठड्याची आशा नव्हती.

१९ मे, बुधवार
वीज अजून नाही. भाच्याने दाजींच्या मोटारसायकलवर फोन चार्ज करून मापं पाठवली.

टेकाड कापलं गेलं. पायथा आता ११.५ मीटरवर, आणि तिथे माणसाच्या छातीइतकी उभी कड. ३० मीटरवर २.७५. म्हणजे मध्यावर १ मीटर १० सेंटीमीटर वाळू गेली. दाजींचं कंबरभर बरोबर निघालं, निदान या खेपेला. काकांना सांगू नका म्हणाले.

कासव वर आलंय. फोटोत दिसतंय, पाठीवर कालवांच्या जुन्या खुणा.

भाच्याची दोन निरीक्षणं, मी न विचारता लिहून पाठवलेली:
‘मामा, लाट आता दोनदा फुटते. एकदा लांब, मग मध्ये सपाट, मग जवळ.’
‘वाळू काळी झाली आहे. घाण नाही, चमकते.’

पहिलं म्हणजे उंचवटा. तोच, टाकीतला. दुसरं इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं काळं खनिज. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो भरपूर आहे. पांढऱ्या वाळूच्या जवळजवळ पावणेदोन पट जड. लाटेने हलकं नेलं, जड मागे राहिलं. जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवायला सांगितलं. थोडी चिकटली, थोडी नाही. चिकटली ती बहुधा मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. इल्मेनाइटला साधं चुंबक फारसं ओढत नाही. पुढच्या महिन्यांत हा काळा थर दिसला की समजायचं, तौक्तेची पातळी ही होती. त्यावर येईल ती नवी वाळू. विहिरीइतकीच पक्की खूण.

२३ मे
दाजींना बांध घालायचाय. दोन ट्रक जांभ्याचे चिरे, कडेपुढे. गावातही धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी सुरू झालीच आहे.

लेकीने टाकीत फरशीचा उभा तुकडा रोवून पाहिला. त्याच लाटा, तोच वेळ. फरशीमागची वाळू जागेवर राहिली, हे खरं. पण फरशीला आपटून परतलेल्या लाटेने पायाशीच खड्डा पाडला, आणि हळू वेगावर भरून काढताना तो शेवटपर्यंत भरला नाही. व्हिडिओ दाजींना पाठवला. उत्तर: ‘तुझ्या टाकीत माझे माड नाहीत.’

यावर बोलता येत नाही. माझी टाकी पडवीत आहे, त्यांची वाडी समुद्राला लागून.

२६ मे, बुधवार. बुद्धपौर्णिमा
उधाणाची भरती. कड अजून अर्ध्या हाताने ढासळली, पण समुद्राने नव्हे, वाळूच वरून सुटली. उभी कड टिकत नाही. ओली आहे तोवर उभी, वाळली की घसरते. टेकाडाची खाली पडलेली वाळू पायथ्याशी साठून उतार झाला. हे सावरणं म्हणायचं की आणखी झीज, ठरवता येईना. दोन्ही लिहून ठेवलं.

२ जून
३० मीटरवर २.६०. पंधरा दिवसांत १५ सेंटीमीटर परत! समुद्र निवांत होता, म्हणून.

१२ जून
५ तारखेला मान्सून रत्नागिरी जिल्ह्यात आला. आता चार महिने वाळू परत येणं नाही. खरं तर हा सगळा घोळच आहे. तौक्ते अगदी पावसाळ्याच्या तोंडावर आलं, त्यामुळे वादळाने नेलेलं आणि पावसाळी लाटांनी नेलेलं वेगळं काढता येणार नाही. फक्त तीन आठवड्यांची फट मिळाली.

शिवाय क्षितिजच नाही. पावसात समुद्र आणि आभाळ एक. एमरीची पद्धत इथे अडली. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाईप वापरायला सांगितलं. दोन टोकांतलं पाणी एका पातळीत, मग दिसो न दिसो.

२४ जुलै
वही आज बाजूला. परवा चिपळूण बुडालं. इकडे पाटण तालुक्यात आंबेघरला दरड कोसळली. प्रीतिसंगमावर पाणी चढलेलं, कोयना धरणातून सोडणं सुरू. ताईकडे सगळे ठीक, पण चिपळूणला दाजींच्या बहिणीच्या दुकानात छातीपर्यंत चिखल.

२२ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा
भाच्याने नारळ सोडायला गेल्यावर मोजणी केली. ३० मीटरवर ३.०५, या वर्षाची सगळ्यात खालची. कासव पूर्ण उघडं. दाजींचे चिरे: समुद्राकडची ओळ कलंडली आहे.

कराडात घाटावरचा पुराचा गाळ अजून काढतायत. नदी आणि समुद्र यांची वाळू नेण्याची तऱ्हा वेगळी. नदीची वाळू खाली गेली की वर येत नाही. आणि आमची कोयना तर अशी, की पाणी बोगद्यातून वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं आणि दाभोळला समुद्राला मिळतं, पण तिची वाळू धरणाच्या भिंतीमागेच बसलेली. सह्याद्रीच्या त्या बाजूच्या पुळणीला हिच्याकडून पाणी मिळतं, कण मिळत नाही.

६ नोव्हेंबर, शनिवार. भाऊबीज, ताईकडे
एसटीचा संप, म्हणून मोटारसायकलवर आलो. कुंभार्ली घाटात खड्डे चुकवता चुकवता वाळूच्या पिशव्या दोनदा सुटल्या. कबूल केल्याप्रमाणे पुळणीवर ओतल्या. भाच्याने विचारलं, ही मोजणीत धरायची का?

परवाच अमावास्या झाली, ओहोटी लांब. आणि जे पाहिलं ते टाकीत कधीच इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. काठापासून बरंच आत वाळूचा लांबोळा वरंबा पाण्याबाहेर आला होता, किनाऱ्याला समांतर. त्याच्या आणि काठाच्या मध्ये गुडघाभर पाण्याचं डबकं, त्यात पोरं डुंबत होती. हा वरंबा म्हणजेच मे महिन्यातला तो उंचवटा, किंवा त्याचा वारस. पावसाळा संपल्यावर लांबून येणाऱ्या सपाट, संथ लाटांनी तो ढकलत काठाकडे आणलाय. भरतीची प्रत्येक लाट त्याच्या माथ्यावरून थोडी वाळू घरंगळवत डबक्यात टाकते. अख्खा वरंबा असा लोळत लोळत येतो आणि शेवटी काठाला चिकटतो.

३० मीटरवर २.५०.

दिवाळीला आलेले पर्यटक भरपूर. वरंब्याला दोन ठिकाणी खिंडी आहेत. डबक्यात साठलेलं पाणी तिथून जोरात आत जातं. लाटांच्या पांढऱ्या ओळीत जिथे फेस नाही आणि पाणी शांत दिसतं, नेमकी तीच जागा. लोक पोहायला तीच निवडतात. सापडलंच कोणी, तर किनाऱ्याकडे झुंजत न येता आडवं पोहून खिंडीबाहेर पडावं. भाच्याने पुठ्ठ्यावर लिहून काठीला लावलं, संध्याकाळी कोणीतरी तो पुठ्ठा बसायला घेतला होता.

रात्री हिशेब. वादळातली लाट ३ मीटर धरली, ८ सेकंदांना एक: ३०० भागिले (२.२ × ८), म्हणजे १७. आजची लाट ६० सेंटीमीटर, १३ सेकंद: साधारण २. टाकीत एकच्या खाली वाळू वर यायची, इथे दोनला येतेय. राइट आणि शॉर्ट यांनी ऑस्ट्रेलियातले किनारे पाहून १९८४ मध्ये याच आकड्याने त्यांची वर्गवारी केली: एकच्या खाली उभे, आटोपशीर किनारे, सहाच्या वर सपाट, अनेक ओळींत लाटा फोडणारे, मधले सगळे सतत बदलणारे. आमची पुळण वर्षभर या मधून त्या टोकाला जा-ये करते. टाकीची सीमारेषा समुद्राला लावायची नाही, एवढं लेकीला कळवलं.

१९ डिसेंबर
भाच्याकडून: ३० मीटरवर २.०५. डबकं बुजलं. कासवाची फक्त पाठ दिसते.

५ फेब्रुवारी २०२२, शनिवार. ताईकडे
काल माघी गणेशजयंती झाली, आज मोजणी. ३० मीटरवर १.७५. गेल्या जानेवारीला १.६० होतं. म्हणजे वाळू जवळजवळ सगळी आली. फावड्याने खणलं तर काळा थर सव्वा मीटर खाली, ऑगस्टच्या पातळीला, सुरीने कापल्यासारखा सरळ. वर पांढरी, त्यात कवड्यांचा चुरा. एका रात्रीत गेलेली ही वाळू यायला नऊ महिने लागले, त्यातले चार फुकट.

पण टेकाडाचा पायथा अजून ११.५ वरच आहे. अडीच मीटर गेलं ते गेलेलं. पुळण लाटेने भरते, टेकाड लाटेने भरत नाही. त्याला वारा लागतो, कोरडी वाळू लागते आणि ती अडवणारं काहीतरी. दाजींच्या चिऱ्यांपुढे वाळू इतर ठिकाणापेक्षा कमी भरली आहे, हाताच्या वीतभर. टाकीएवढा फरक नाही, आणि एका ओळीवरून मी काही सिद्ध केलं म्हणणार नाही. दाजी चिऱ्यांजवळ उभे राहिले, माझ्याकडे बघितलं नाही.

चिरे संपतात तिथून पुढे काकांच्या वाडीपुढे मात्र मर्यादवेल कडेवरून खाली उतरली आहे. तिच्या धुमाऱ्यांमागे वाळूचे छोटे उंचवटे साठलेत, सगळ्यात मोठा वीस सेंटीमीटरचा. सर्वांत लांब धुमारा भाच्याने टेपने मोजला: ३ मीटर ४०. तो काठीच्या ओळीत येतो म्हणून त्याला पुढच्या वेळी ओलांडायचं, तुडवायचं नाही, असं ठरलं.

काकांनी विचारलं, मग कंबरभर की पुरुषभर? वही दाखवली. मेमध्ये कंबरभर, ऑगस्टमध्ये मिळून दीड मीटरच्या जवळ. काका म्हणाले, मी पावसाळ्यातलंच सांगत होतो.

पुढची मोजणी शिमग्याच्या पौर्णिमेनंतर. दोन्ही काठ्यांच्या खुणा पुसट झाल्यात, लेकीकडून नव्याने रंगवून घ्यायच्या.